काळी पाचमधली रात्र: टेनर सॅक्सोफोनवाल्याचा एक जॉब, फोनपासून पैशांपर्यंत

फोन बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी येतो. शनिवारची रात्र, अमुक हॉटेल, चौघांचा बँड, तीन सेट, काळे कपडे. मोकळा आहेस का? मुंबई-पुणे-गोव्यात जॅझ आणि ब्लूज वाजवून घर चालवणाऱ्याचं काम इथून सुरू होतं. रात्रीच्या तीन तासांत टेनरवाल्याचे सोलो सगळे मिळून चाळीस मिनिटांच्या वर क्वचितच जातात. ती चाळीस मिनिटं चांगली व्हावीत म्हणून आधीचे चार दिवस आणि त्या रात्रीचा उरलेला वेळ काय करावं लागतं, ते इथे लिहितो आहे.

हो म्हणण्याआधी विचारून घ्यायचं: पोचायची वेळ कुठली, वाजवायची कुठली, सेट किती मिनिटांचे, तिथे पियानो आहे की कीबोर्ड न्यायचा, गायिका आहे का, जेवण आणि गाडी कोणाकडे, आणि रक्कम हातात किती पडणार. ‘हातात’ हा शब्द उच्चारून विचारावा. १० टक्के टीडीएस कापला की १५ हजारांचे साडेतेरा होतात, आणि पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. बोलणं झालं की हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवायचं आणि समोरून ‘ओके’ येईपर्यंत तारीख पक्की धरायची नाही. त्यात दोन ओळी जास्तीच्या घालाव्यात: ठरलेल्या वेळेपुढे वाजवायला लावलं तर दर अर्ध्या तासाचे किती, आणि आदल्या दिवशी रद्द झालं तर किती. भांडण होतं ते या दोन जागांवरच, आणि रात्री साडेअकराला बँक्वेट मॅनेजरशी घासाघीस करण्याची ताकद कोणाच्यात उरलेली नसते.

तारीख मोकळी नसेल तर नुसतं ‘नाही’ म्हणू नये, बदली वाजवणारा सुचवावा. त्याला आमच्यात ‘सब’ म्हणतात. सब आपल्या तोडीचा किंवा आपल्याहून चांगला द्यावा. कच्चा माणूस पाठवला तर बँडलीडरच्या लक्षात आपलंच नाव राहतं.

गुरुवारपर्यंत लीडर यादी पाठवतो. ४५ मिनिटांच्या सेटला आठ-नऊ गाणी, म्हणजे तीन सेटना पंचवीस-सव्वीस. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी आणि चाल लिहिलेली असते: स्विंग, बोसा, बॅलड, ब्लूज. आमच्या बाजूचं खरं काम म्हणजे पट्टी बदलणं. टेनर हे बी-फ्लॅटचं वाद्य. कागदावरचा ‘सी’ वाजवला की बाहेर बी-फ्लॅट येतो, तोही आणखी एक सप्तक खालचा. हार्मोनियमच्या भाषेत, आमची लिहिलेली पांढरी एक म्हणजे प्रत्यक्षातली काळी पाच. पियानोवाला ‘एफ’ म्हणाला की आम्ही ‘जी’ धरायचा, तो ‘ई-फ्लॅट’ म्हणाला की आमचा ‘एफ’. हॉटेलातल्या जॅझची बरीच गाणी एफ, बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅटमध्ये असतात, कारण ती भोंग्याच्या वाद्यांना सोयीच्या जागी बसवलेली आहेत. त्या पट्ट्यांत बोटांना त्रास नाही.

त्रास दोन ठिकाणी होतो. गायिका आली की गाणं तिच्या गळ्यानुसार चौथ्या किंवा पाचव्या सुरावर सरकतं, आणि तेही कधीकधी स्टेजवर उभं राहिल्यावर कळतं. दुसरा प्रसंग ब्लूज गिटारवाल्याचा. त्याला ई आणि ए प्रिय, कारण त्या पट्ट्यांत गिटारच्या मोकळ्या तारा वाजतात. त्याचा ‘ई’ म्हणजे टेनरचा ‘एफ-शार्प’, त्याचा ‘ए’ म्हणजे टेनरचा ‘बी’. सॅक्सोफोन शिकताना मुलं या दोन पट्ट्या शेवटी ठेवतात आणि मग राहूनच जातात. ब्लूजचं काम हवं असेल तर त्या आधी घ्याव्यात. रोज पंधरा मिनिटं, फक्त एफ-शार्प आणि बीमध्ये बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा गट) ब्लूज, दोन महिने. एवढं केलं की गिटारवाला हसून ‘ई’ म्हणतो तेव्हा पोटात गोळा येत नाही.

वाचता येणं ही या धंद्याची जुनी अट आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोर्तुगीज काळापासून मुलांना आधी सोल्फेज शिकवत: सुरांची नावं म्हणत, हाताने ताल देत कागद वाचायचा, वाद्य मागाहून हातात. १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, आणि पुढच्या काळात हॉटेलांच्या बँडमध्ये गोव्याचे वादक दिसू लागले, त्याचं मोठं कारण हे वाचन होतं. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर क्लबांचं काम आटलं आणि यातले पुष्कळ वादक सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळले. १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीताला चिक चॉकलेटच्या मंडळींचा जो झणका आहे तो हॉटेलच्या स्टेजवरून आलेला आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांनी स्टुडिओत चाळीस-पन्नास वादकांपुढे कागद ठेवले ते सगळ्यांना वाचता येत होतं म्हणूनच.

आता वाद्याकडे वळतो, कारण शनिवारची रात्र बुधवारी रीडपासून सुरू होते. रीड म्हणजे बोरूच्या जातीच्या एका पोकळ गवताची तासलेली पट्टी. ती माउथपीसवर, म्हणजे फुंकायच्या तोंडीवर, बसते आणि तिच्या थरथरीतून सूर निघतो. चांगला माल दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातून येतो. टेनरच्या डब्यात बहुतेक कंपन्या पाच देतात. त्यातल्या दोन स्टेजच्या लायकीच्या, दोन सरावाच्या, एक वाया, असा आमचा हिशोब. माउथपीसच्या तोंडाचा नंबर सातच्या आसपास असेल तर अडीच किंवा तीन नंबरची रीड चालते. तोंड जितकं उघडं, तितकी रीड मऊ घ्यावी. उघड्या तोंडावर कडक रीड लावून जोर काढणारे दुसऱ्या सेटमध्ये ओठ चावून बसतात आणि सूर चढत जातो.

नवी रीड थेट स्टेजवर नेऊ नये. पहिल्या दिवशी दोन मिनिटं पाण्यात, पाच मिनिटं मधल्या सप्तकात हलकं वाजवणं, मग अंगठ्याने बुडाकडून टोकाकडे घासून छिद्रं बुजवणं आणि सपाट काचेवर सुकवणं. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, तिसऱ्या दिवशी पंधरा. चौथ्या दिवशी ती काय आहे ते कळतं. चार रीडवर आकडे घालून फिरवत ठेवल्या की प्रत्येक जास्त दिवस टिकते. मुंबईचा पावसाळा आणि हॉटेलचा एसी या दोन टोकांत रीड वाकते: पाठ फुगते, टोकाला लाटा येतात. लाटा आल्या तर टोक तोंडात धरून सरळ होईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. पाठ फुगली असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून चार-पाचदा हलक्या हाताने ओढायची. काळे ठिपके दिसले की ती बुरशी. रीड टाकून द्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही एक सिंथेटिक रीड खिशात ठेवतोच. तिचा आवाज थोडा चकचकीत असतो, पण हवेने ती बदलत नाही.

रीड लावताना टोक माउथपीसच्या टोकाशी जुळवावं. दाबून पाहिल्यावर काळी कड केसाइतकीच दिसली पाहिजे. लिगेचरचा, म्हणजे रीड आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा, खालचा स्क्रू घट्ट, वरचा जरा सैल. स्टेजवर चिरकतं तेव्हा दहातल्या आठ वेळा कारण इथेच असतं: रीड तिरकी बसलेली किंवा एक कड कोरडी. उरलेल्या दोन वेळा पॅड, म्हणजे कीखालची भोक झाकणारी गादी, गळत असतं.

गळती शुक्रवारी बघायची, शनिवारी नाही. सिगारेट वळायच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली घालून की हलकी मिटायची आणि कागद ओढायचा. चारही बाजूंनी सारखा अडकला पाहिजे. खालचा बी-फ्लॅट आणि बी गुळणी केल्यासारखे थरथरले तर दोष तिथेच शोधू नये. गळती बहुधा वर कुठेतरी असते. वाद्याच्या मानेवरची, म्हणजे माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीवरची, ऑक्टेव्ह की (सूर सप्तकभर चढवणारी) हा नेहमीचा गुन्हेगार. वाद्य जोडताना मान मुठीत आवळली की ती वाकते. तपासायची रीत सोपी: अंगठ्याने ऑक्टेव्ह दाबून जी धरा, मानेवरचं पॅड मिटलेलं राहिलं पाहिजे, अनामिका उचलून ए केला की ते उघडलं पाहिजे. जीलाच उचललं जात असेल तर कडी हलकीच दाबून जागेवर आणायची. जी-शार्पचं पॅड एरवी मिटलेलंच असतं, म्हणून ओल आणि साखर धरून चिकटतं. की दाबली तरी ते उघडत नाही आणि जीच वाजतो. पियानो जीमध्ये असला की आमची ए पट्टी येते आणि हा सूर दर दोन बारला लागतो. म्हणून दोन सेटच्या मध्ये सरबत, कोला पिऊन थेट वाजवू नये. साध्या पाण्याने चूळ भरावी.

पिशवीत असतं ते असं: तीन तयार रीड, बारीक स्क्रूड्रायव्हर, रबरबँड, बुचाचा तुकडा, चिकटपट्टी, सिगारेटचे कागद, मानेच्या बुचाला लावायचं ग्रीस, पुसायचं फडकं, आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे. स्प्रिंग तुटली की रबरबँडने की ओढून बांधता येते आणि रात्र निभते. चिमटे लॉनवरच्या लग्नासाठी. वाऱ्याने चार्ट (सुरांचा कागद) उडाला की बॅलडच्या मध्यावर उभं राहून बघत बसावं लागतं. माउथपीस मात्र उन्हातल्या गाडीत ठेवू नये, त्याचं एबोनाइट (कडक रबर) हिरवं पडतं आणि गंधकाचा वास सुटतो.

शनिवारी आठला वाजवायचं तर साडेपाचला मागच्या दाराशी. सिक्युरिटीकडे नावं आधी गेलेली हवीत, आधारची प्रत हवी आणि वाद्याचा सीरियल नंबर गेटच्या वहीत लिहून घ्यायचा. तो आत जाताना लिहिला नाही तर रात्री बारा वाजता स्वतःचं वाद्य बाहेर काढायला परवानगी मागत फिरावं लागतं. स्टेजवर पहिल्यांदा ड्रमखालचा गालिचा; नाहीतर बेस ड्रम सरकत पुढे येतो. पियानो आणि बेस शेजारी, आणि बेसवाल्याला राइड झांज कानाशी ऐकू आली पाहिजे. या तिघांचं एकमेकांना ऐकू आलं की भोंग्याचं अर्धं काम झालं.

साउंडचेकला माइकची जागा स्वतः सांगावी. बहुतेक साउंडवाले माइक भोंग्याच्या तोंडात घालतात. ट्रम्पेटचा आवाज सगळा तोंडातून येतो, सॅक्सोफोनचा उघड्या राहिलेल्या प्रत्येक भोकातून येतो. माइक तोंडात असला तर सगळ्यांत खालचे दोन-तीन सूर घुमतात आणि मधले पातळ पडतात, मग साउंडवाला बेस कापतो आणि सगळंच पत्र्यासारखं होतं. माइक वीतभरापेक्षा थोडा लांब, भोंग्याची कड आणि डाव्या हाताच्या बोटांच्या मध्ये रोखलेला हवा. मॉनिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये, पियानो आणि थोडं स्वतःचं मागावं, बेस मागू नये. त्याची घरघर वाढून सूर ऐकू येत नाही. पियानोशी सूर जुळवताना हॉल किती थंड आहे हे ध्यानात ठेवावं. हवा थंड तर फुंकीच्या वाद्याचा सूर उतरतो, तापली की चढतो. रिकाम्या एसी हॉलमध्ये साडेसहाला मिळवलेला सूर माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये नऊला राहत नाही. दर सेटच्या आधी पुन्हा मिळवावा.

पहिला सेट जेवणाचा. ड्रमवाला ब्रश घेतो, आम्ही सबटोन: जबडा सैल, खालचा ओठ जास्त, श्वास भरपूर आणि आवाज कमी. मॅनेजरने येऊन ‘जरा हळू’ सांगायच्या आधी आपणच हळू असावं. इथे बॅलडचं गणित डोक्यात हवं. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत बत्तीस बार म्हणजे १२८ मात्रा, दोन मिनिटांहून जास्त. अख्खी धून, अख्खा सोलो, पुन्हा अख्खी धून असं केलं तर सहा-साडेसहा मिनिटं एकाच मूडमध्ये जातात आणि काटे-चमच्यांचा आवाज वाढतो. म्हणून धून झाल्यावर अर्धं आवर्तन टेनर, अर्धं पियानो, आणि परतताना थेट मधल्या भागापासून धून.

बोलायला वेळ नसतो, तेव्हा हात बोलतात. बोटं वर म्हणजे शार्प, खाली म्हणजे फ्लॅट. दोन बोटं खाली: बी-फ्लॅट. तीन खाली: ई-फ्लॅट. एक वर: जी. चार बोटं दाखवली की ड्रमबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण. डोक्यावर टिचकी मारली की मूळ धुनीकडे, कारण धुनीला आम्ही ‘हेड’ म्हणतो. ही बोटं पियानोच्या पट्टीतली असतात. टेनरने त्यात आपला एक स्वर मनात चढवून घ्यायचा.

आणि मग ब्लूज. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार ‘सा’च्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर), दोन ‘म’वर, दोन पुन्हा ‘सा’वर, नववा ‘प’, दहावा ‘म’, शेवटचे दोन ‘सा’. तिन्ही कॉर्डमध्ये त्या-त्या मुळापासूनचा कोमल निषाद असतो, म्हणून कुठेच पूर्ण विसावा मिळत नाही आणि आवर्तन पुढे ढकललं जातं. सुरांच्या बाजूने पाहिलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे धानी, आणि त्यात म-पच्या मध्ये तीव्र मध्यमाचा स्पर्श. पण एवढ्याने ब्लूज होत नाही. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि त्याची जागा एका ओळीत दोनदा बदलते. गिटारवाला तार ओढून तिथे जातो, आम्ही जबडा सैल सोडून, आणि पियानोवाला दोन्ही गंधार एकदम चुरडून. तो गंधार आकाराने म्हणून बघितल्याशिवाय वाद्यावर शोधू नये. आधी गळा, मग फुंक.

लयीचंही तसंच. स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. मात्रेचे तीन तुकडे केले तर पहिला सूर दोन तुकडे खातो, दुसरा एक. मध्य लयीत हे दोनास-एक बरोबर बसतं, लय वाढली की दोन्ही भाग सारखे होत जातात. वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपल्याकडचे ऐकणारे पहिल्या आणि तिसऱ्यावर टाळ्या देतात, आणि नवशिका वादक त्या टाळ्यांकडे ओढला जातो. घरी मेट्रोनोम निम्म्या वेगावर लावून त्याचा टोला दुसरी-चौथी मात्रा समजून सराव केला की मग समोरच्या टाळ्यांचा त्रास होत नाही.

१२० च्या लयीत बारा बारांना २४ सेकंद लागतात. धून दोनदा, ४८ सेकंद. टेनर तीन आवर्तनं, ७२. पियानो तीन, ७२. बेस एक, २४. ड्रमबरोबर चार-चार बार दोन आवर्तनं, ४८. शेवटी धून दोनदा, ४८. झाली पाच मिनिटं बारा सेकंद. यात चार-चारच्या जागी हमखास घोळ होतो. बारात चारचे तीनच तुकडे पडतात. पहिल्या आवर्तनात टेनर-ड्रम-टेनर झालं की दुसरं ड्रमने सुरू होतं: ड्रम-टेनर-ड्रम. बत्तीस बारच्या गाण्याची सवय असलेला माणूस नव्या आवर्तनात आपणच सुरू करायचं समजून ड्रमच्या अंगावर वाजवतो. म्हणून आवर्तनं दोन किंवा चार घ्यायची, एक-तीन नाही, म्हणजे धून पुन्हा धरताना समेवर सगळे असतात.

सोलोमध्ये कोणी हरवलं तर? जॅझच्या ब्लूजमध्ये दुसऱ्या बारला ‘म’ला जाऊन लगेच परततात, त्याला भुलू नये. पाचव्या बारचा ‘म’ दोन बार टिकतो, तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. तो येईपर्यंत एक लांब सूर धरून थांबायचं. ड्रमवाला दर आवर्तनाच्या तोंडाशी झांजेवर खूण देतो, पियानोवाला शेवटच्या दोन बारांत साधं वळण वाजवतो. चुकलेल्याने बोटं चालवत राहणं सर्वांत वाईट, कारण त्याच्यामागे बाकीचेही फरपटतात.

गाणारा ब्लूजवाला असला तर हिशोब वेगळा. ब्लूजची ओळ साधारण दोन-सव्वादोन बारांत गाऊन होते आणि उरलेली जागा वाद्याची. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी उत्तराची. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी ‘जी जी रं’ करत ती उचलतात, तसंच हे उचलणं. शेवटचा शब्द पडल्यावर सुरू करायचं आणि पुढच्या ओळीचा श्वास ऐकू येण्याआधी संपवायचं. चार-पाच सूर पुरतात. शब्दांवर वाजवणारा भोंगेवाला कितीही तयार असो, गायक त्याला पुन्हा बोलावत नाही. शिवाय जुन्या वळणाचे गाणारे बारा मोजत नाहीत. जॉन ली हूकर, लाइटनिन हॉपकिन्स यांच्याकडे साडेअकरा आणि तेरा बारही सापडतात, ओळ जिथे संपेल तिथे कॉर्ड बदलते. अशा माणसामागे मोजणं सोडून त्याच्या डाव्या हाताकडे आणि तोंडाकडे बघावं.

लॉनवरचं लग्न असेल तर हे सगळं लवकर आवरतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, म्हणून तिसरा सेट पहिल्या दोनमध्ये वाटून घ्यावा लागतो आणि ब्लूज साडेनऊलाच काढावा लागतो.

वाजवून झालं की घाईने पेटी बंद करू नये. फडकं भोंग्यातून दोनदा ओढायचं, जी-शार्पच्या पॅडखाली कागद दाबून ओल टिपायची, रीड साध्या पाण्यात धुऊन सपाट ठेवायची. टेनरचं वजन तीन-साडेतीन किलो. तीन तास मानेवर असतं. चाळिशीनंतर गळ्याचा पट्टा सोडून खांद्यांचा हार्नेस घ्यावा, हे मानेने सांगण्याआधी. झांजेच्या शेजारी उभं राहायचं तर कानात संगीतकारांचे प्लग हवेत. कापसाने वरचे सूर मरतात आणि माणूस जोरात फुंकू लागतो.

सोमवारी बिल. त्यावर तारीख, जागा, सेट, पॅन, बँक खातं, आणि ‘वाद्यवादन’ हा शब्द. हॉटेलांचे पैसे तीस-पंचेचाळीस दिवसांनी येतात, हे धरून महिना आखावा लागतो. पंधराव्या दिवशी एक आठवण, तिसाव्या दिवशी अकाउंट्सला फोन, लीडरला नाही. लीडरने स्वतःच्या खिशातून बँडला आधी दिले असतील तर ती मोठी गोष्ट, आणि तसे लीडर अजूनही आहेत.

हॉटेलावरच वर्ष निघत नाही. काही विद्यार्थी, काही रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग आता बहुधा घरून होतं: क्लिक (लयीची टिकटिक) आणि गाणं येतं, आपण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची फाइल पाठवायची, दोन-तीन पर्याय देऊन. क्रूझ जहाजाचा करार चार ते सहा महिन्यांचा असतो. तिथे सोलोपेक्षा पाहताक्षणी वाचणं मोजलं जातं, आणि सॅक्सोफोनवाल्याला बासरी आणि क्लॅरिनेटही वाजवता यावी लागते. क्लॅरिनेटची बोटं खालच्या आणि वरच्या भागात वेगवेगळी पडतात, म्हणून ती वर्षभर आधी सुरू करावी.

सराव कुठे करायचा हा मुंबईतला खरा प्रश्न. भोंग्यात कपडे कोंबून उपयोग नाही, आवाज भोकांतून येतो. कपाट उघडून टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून वाजवलं तर शेजाऱ्यांपर्यंत निम्मं जातं. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीआड दुपारी चार ते पाच हा वेळ बहुतेक इमारतींत मिळतो. अमेरिकन टेनरवाले सनी रॉलिन्स १९५९ ते १९६१ न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत असत, कारण घराशेजारी त्रास होऊ नये. तेच रॉलिन्स १९७८मध्ये ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाच्या पहिल्या वर्षी मुंबईत वाजवून गेले. लांब सूर पंधरा मिनिटं, एकाच बोटांवर वरचे सूर काढणं दहा, बारा पट्ट्यांत एक ब्लूजची धून वीस, आणि एखाद्या चांगल्या सोलोचं एक आवर्तन कानाने उतरवणं: निम्म्या वेगावर ऐकून, आधी गाऊन, मग वाजवून, शेवटी लिहून.

चातुर्मासात लग्नं थांबतात, गोव्याचा सीझनही ऑक्टोबरशिवाय सुरू होत नाही, आणि हवेत पाणी असतं. वाद्य दुरुस्तीला द्यायचा हाच काळ. टेनरला पंचविसेक पॅड असतात. सगळे एकदम बदलायची गरज क्वचित, वरचे आणि जी-शार्प बहुधा आधी जातात. हाताचे कारागीर मोजके, म्हणून आषाढीच्या आधीच तारीख घ्यावी. वाद्य नसेल त्या पंधरवड्यात गेल्या सीझनमध्ये गायिकांनी मागितलेल्या पट्ट्यांची वही काढायची, आणि ज्या पाच गाण्यांत अडखळायला झालं ती पियानोवर बसून बाराही पट्ट्यांत म्हणून ठेवायची. तुळशीच्या लग्नाला तेवढी पाच तयार लागतात.